कॅनव्हासवरचे बिबडे

फाल्गुन सरत आला की माझ्या पुण्यातल्या खोलीसमोरच्या गच्चीवर पांढरी जुनेरी अंथरली जातात. शेजारच्या बायका उन्हाच्या आधी वर येतात, गव्हाचा चीक ढवळतात, सोऱ्या दाबून कुरडया घालतात. मी खिडकीशी टेबल ओढून पुस्तकातली चित्रं काढत बसलेली असते. त्यांना वाटत असेल, ही मुलगी कामात आहे, हिला हाक मारू नये. खरं तर माझं कामात लक्षच नसतं. ते पांढरं कापड आणि त्यावर उमटत जाणारे गोल बघितले की मला ज्वारीच्या घाट्याचा वास येतो. गच्चीवर ज्वारी नसते. तरी येतो.

आमच्या खानदेशात या दिवसांत बिबडे करतात. ज्वारी भिजवून दळायची, मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, लसूण, लाल मिरची घालायची आणि हात ओला करून ओल्या कापडावर भाकरीसारखे पातळ गोल थापायचे. वाळले की कापड उलटं करून मागून पाणी शिंपडायचं, म्हणजे ते सुटून येतात. घाटा गरम असताना त्यावर कच्चं तेल घालून बायका तिथेच उभ्याउभ्या खातात. माझ्या मते तो वर्षातला सगळ्यात चांगला नाश्ता आहे. मी तो फार थोड्या वेळा खाल्ला, कारण त्या दिवसांत माझी नेहमी परीक्षा असे.

वडिलांचा कापसाचा व्यापार होता. मोठे सौदे इंग्रजीत होत आणि तिथे वडील अडत. आपलं मूल तरी असं अडू नये म्हणून त्यांनी मला लहानपणीच नाशिकच्या इंग्रजी शाळेत, वसतिगृहात ठेवलं. तिथे चित्रकलेच्या तासाला आम्ही धुराडं असलेली, गुलाबांच्या वेलींनी मढलेली घरं काढत असू. चूल काढायच्या आधी मी परदेशी शेकोटी काढायला शिकले. सुटीत तापीकाठच्या घरी आले की आमची मातीच्या सपाट धाब्यांची घरं मला अपुरी वाटत, कुणी छप्पर काढायचं विसरून गेल्यासारखी. घरी सगळे अहिराणी बोलत, मध्येच गुजराती मिसळत. मला सगळं समजे, पण बोलायला लागले की शब्द शाळेतून आल्यासारखे ताठ येत. म्हणून मी कमी बोले. कमी बोलणाऱ्या माणसाला बघायला पुष्कळ वेळ मिळतो.

त्या बघण्यातूनच मी बडोद्याला चित्रकला शिकायला गेले असेन. नंदुरबारहून तापी खोऱ्याची गाडी, मग सुरतेला बदलायचं. बडोदा तोवर दुसऱ्या राज्यात गेलं होतं, पण गाडीतल्या कुणाला त्याचं काही वाटत नसे. डाळ्या, फुटाणे, तंबाखू आणि गप्पा दोन्ही राज्यांतून सारख्याच जात. बडोद्याचा स्टुडिओ मला पहिल्या दिवसापासून आवडला. उंच खिडक्या, उत्तरेकडून येणारा सपाट उजेड, टर्पेंटाइनचा डोक्यात जाणारा वास. सगळे आपापल्या घोडीवरच्या कॅनव्हासमागे लपलेले. लपायची इतकी चांगली सोय मला आधी कुठेच मिळाली नव्हती. आणि आपण इथे चार वर्षं शिकून पुढे याच कामावर पोट भरणार आहोत, ही गोष्ट मनातल्या मनात म्हणायलाही मला गोड वाटे. मला पुस्तकांची चित्रं काढायची होती. गोष्ट दुसऱ्याने सांगायची, आपण तिच्या बाजूला गुपचूप बसायचं.

आमचे शिकवणारे सर मोजकं बोलत. शेवटच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी माझी सगळी चित्रं भिंतीला टेकवून ठेवली आणि बराच वेळ बघत राहिले. विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, कापूस वेचणाऱ्या मजुरणी, तापीच्या पात्रात म्हशी धुणारा माणूस.

"सगळी पाठमोरीच का?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं. खरंच, एकाही माणसाला चेहरा नव्हता. मला ते तोवर दिसलंच नव्हतं.

"पाठ चांगली काढतेस," सर म्हणाले. "पण पुस्तकातला राजा काय पानापानावर पाठ करून बसणार आहे? वार्षिक प्रदर्शनाला तुझं एकच चित्र लावू. एक माणूस, पूर्ण चेहरा, तुझ्याकडे बघणारा. तो जमला तर पुढचं बोलू."

पुढचं म्हणजे काय ते आम्हां दोघांनाही माहीत होतं. पुण्याच्या एका प्रकाशकांनी त्यांच्याकडे चित्रं काढणारं कुणीतरी मागितलं होतं. मी सुटीत घरी जाऊन चित्र करून आणते म्हटलं. स्टुडिओत माझ्यासमोर बसायला एक म्हातारा पहारेकरी रोज यायचा, पण तो पाच मिनिटांत झोपे. झोपलेल्या माणसाचा चेहरा मी काढू शकत होते. अडचण उघड्या डोळ्यांची होती.

गावी आल्या आल्या सुताराकडून मी चार चौकटी करून घेतल्या. एक मोठी, माझ्या छातीपर्यंत येणारी, बाकी लहान. त्यांवर मांजरपाट ताणून खिळे मारले, सरस आणि खडूच्या भुकटीचा पांढरा लेप दिला आणि वाळायला धाब्यावर बाजांवर आडव्या ठेवल्या. संध्याकाळी काकीने खालून विचारलं, "सकायले बिबडा शेतस. येशी ना हात लावाले?" काकी म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, तापीपलीकडच्या कळसाडीची. मी मान हलवली.

सकाळी मी वर गेले तेव्हा ऊन नुकतं धाब्यावर उतरत होतं. काकी आणि गल्लीतल्या बायका माझ्या चारही कॅनव्हासांभोवती उकिडव्या बसल्या होत्या. मोठ्यावर बिबड्यांच्या तीन रांगा झालेल्या, चौथी चालू.

"देख व, पोरनी कितली युक्ती करी ठेयी," एक बाई दुसरीला म्हणाली. "कपडा कसा नगारासारखा तानेल शे. एक सुरकुती पडत नही."

"बडोदामा हाईच शिकाडतस व्हई," दुसरी म्हणाली.

"मंग? इतला खर्च उगाच करस का तिना बाप?" काकीच्या आवाजात अभिमान होता. मग तिने मला पाहिलं. "ये, बठ. हात ओला कर."

मी बसले. हात ओला केला. आणि माझ्याच कॅनव्हासवर बिबडे थापायला लागले.

हे मी नंतर बडोद्याला मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. त्या सगळ्या इतक्या खूश होत्या, घाटा हाताला ऊबदार लागत होता, खाली रस्त्यावरून कापसाच्या गाड्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता, आणि माझे बिबडे चक्क गोल येत होते. आयुष्यात पहिल्यांदा गल्लीतल्या बायकांनी माझं कौतुक केलं होतं. ते मोडून 'हे कापड वेगळ्या कामाचं आहे' असं कोणत्या तोंडाने सांगणार? दिवसभर धाब्यावर माझं वर्षाचं काम तिळालसणाचा वास सोडत वाळत राहिलं.

दिवस कलल्यावर बिबडे सोडवायला घेतले. चौकट उलटी करून काकीने मागून पाणी शिंपडलं आणि पहिला बिबडा ओढला. त्याच्या पाठीला पांढरा थर चिकटून आला. कॅनव्हासवर उघड्या मांजरपाटाचा एक गोल राहिला.

"हाई काय व? चुना लागना?" काकी बोट लावून चाखणार, तोच मी तिचा हात धरला.

"खाऊ नकोस. तो खडू आहे. आणि सरस."

"सरस कसाना ऱ्हास?"

"जनावरांच्या हाडांचा."

काकीने बिबडा हळूच सुपात ठेवला, झोपलेलं पोर ठेवावं तसा. आमचं घर अंडंही दाराबाहेर ठेवणारं.

"आनि हाई कपडा?"

"चित्रासाठी होता. परीक्षेच्या."

काकी माझ्याकडे बघत राहिली. "मंग सकायले का नही बोलनी?"

"तुम्ही थापायला सुरुवात केली होती."

"आनि तू बी थापी ऱ्हायंती आमना संगे."

"हो."

आधी कोण हसलं आठवत नाही. बहुधा नगाऱ्याची उपमा देणारी बाई. तिने पदर तोंडात कोंबला तरी तिचे खांदे हलत होते. मग सगळ्याच हसू लागल्या आणि त्या चांगल्या चार सूप बिबड्यांकडे बघून पुन्हा पुन्हा हसल्या. मीही हसले. माझं ते गावातलं पहिलं मोठ्याने हसणं असावं, कारण खालून आईने कोण आहे म्हणून विचारलं.

बायका गेल्यावर काकी मात्र खाली उतरली नाही. बिबडे फुकट गेले याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. माझ्या परीक्षेचं वाटत होतं. उरलेल्या सरस-खडूत एकच कॅनव्हास पुन्हा तयार होणार होता. मी मोठा घ्यायचं ठरवलं.

"काय काढशी त्यावर?" तिने विचारलं.

"एक माणूस. समोरून. रोज दुपारी कुणीतरी माझ्यापुढे न हलता बसायला हवं."

"मी बठसू. नही तरी चुल्हाम्होरे बठेलच ऱ्हास मी."

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. आमच्याकडे सुना सासऱ्यापुढे तोंडावर पदर ओढतात. आबा म्हणजे माझे आजोबा, काकीचे सासरे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा मी रांगत होते, पण आबांनी तिचं तोंड एकदाही पाहिलेलं नव्हतं. ती त्यांच्याशी थेट बोलतही नसे. काही सांगायचं झालं तर दाराआडून मला नाहीतर कुठल्यातरी पोराला मोठ्याने सांगे, आबांना ऐकू जाईल असं. आबाही आम्हांलाच उत्तर देत. जवळ कुणी नसलं तर ती भिंतीला सांगायची आणि आबा खांबाला उत्तर द्यायचे. घरात त्याचं कुणाला नवल वाटत नसे.

"पदर काढावा लागेल," मी म्हटलं. "आणि तुझं चित्र बडोद्याला लोक बघतील. पुरुषसुद्धा."

"बडोदामा मन्हा सासरा शे का?"

"नाही."

"मंग काय? लाज सासरानी ऱ्हास. बडोदावालासनी कसानी?"

आमच्या कोठीच्या खोलीत धान्याच्या कणग्यांच्या मधोमध, धाब्याला ठेवलेल्या भोकातून दुपारी एक जाड उजेड उतरे. त्यात धुळीचे कण चालत असत. मोठा कॅनव्हास पुढच्या दाराने आत आणून मी तिथे भिंतीला टेकवला. काकी पाटावर बसली, पदर डोक्यावरून खांद्यावर टाकला. तिचं कपाळ रुंद होतं, गोंदणाचा हिरवा ठिपका जरा फिस्कटलेला, वरच्या ओठाच्या कडेला भाजल्याची जुनी खूण. कान मोठे. मी तिला लहानपणापासून बघत होते आणि यातलं काहीच मला माहीत नव्हतं.

पहिले काही दिवस बोलणंच जास्त झालं. ओट्यावर आबा खोकले की काकीचा हात आपोआप पदराकडे जाई आणि उजेड मोडे. मग ती स्वतःच्या हातालाच रागवायची. मध्ये उठून चित्र बघायची.

"मन्हं नाक इतलं मोठं शे?"

"थोडं आहे."

"इतला वरीस माले कोनी सांगंच नही." ती परत जाऊन बसे. थोड्या वेळाने म्हणे, "तुन्हा काकानी बी इतलं देखं नही माले. तेस्नी नजर ताटमा."

कपाळ जमलं, गाल जमले, पदराचा लाल रंग तर पहिल्याच फटक्यात बसला. डोळे येईनात. काढावेत, पुसावेत. डोळ्यांच्या जागी चिखल झाला. जाण्याचा दिवस जवळ येत चालला होता आणि माझ्या चित्रातली बाई आंधळी होती. चेहरा जमला नाही तर प्रकाशक नाही, पुण्याची नोकरी नाही. मग वडिलांनी एवढं शिकवून शेवटी जे सगळ्यांच्या मुलींचं होतं तेच. ते वाईट होतं असं नाही. पण मला हे हवं होतं, आणि एखादी गोष्ट इतकी हवी आहे हे कुणाला सांगायची मला सवय नव्हती.

"तू माले देखतच नही," काकी एका दुपारी म्हणाली.

"बघतेय की."

"कपायकडे देखस, कानकडे देखस. मी तुन्हा डोयामा देखं का तू भुईकडे देखस. मंग डोया कोना काढशी? भुईना?"

मी ब्रश खाली ठेवला आणि तिच्या डोळ्यांत बघितलं. फार अवघड गेलं. कुणाच्या खोलीत न विचारता शिरावं तसं वाटलं. तिने पापणी हलवली नाही. हळूहळू मला दिसलं की तीही लाजते आहे, माझ्याइतकीच, आणि तरी बघते आहे. आम्ही दोघी किती वेळ तशा बसलो कोण जाणे. कणगीमागे उंदीर खुडबुडला तेव्हा दोघींना एकदम हसू आलं. त्यानंतर जाण्याच्या दिवसापर्यंत मी फक्त डोळेच रंगवले. शेवटचा हात त्या दिवशी सकाळी मारला.

बडोद्याला परतल्यावर स्टुडिओत सर त्या चित्रापुढे उभे राहिले आणि एक पाऊल मागे सरले, कुणी आपल्याकडे बघतंय असं वाटल्यावर आपण सरतो तसे. पुण्याचं काम मला मिळालं. आज मी राजे काढते, राण्या काढते, राक्षससुद्धा. सगळे समोर बघतात. पण हे सगळं पुढचं. त्याच्याआधी ते चित्र घराबाहेर पडायचं होतं.

संध्याकाळची गाडी होती. बैलगाडी दाराशी उभी होती. काका आणि मी कॅनव्हास उचलायला गेलो तेव्हा काकी जुनं लुगडं घेऊन आली. "झाकी ले पहिले. म्होरे आबा बठेल शेतस."

मी बोट लावून दाखवलं. डोळे, कपाळ, ओठ सगळं ओलं. कापड टाकलं असतं तर चेहरा कापडाला गेला असता. मागचं दार गोठ्यात उघडणारं, ठेंगणं, त्यातून चौकट जाईना. पालथी धरून न्यावी तर पुढच्या दाराकडच्या अरुंद बोळात एवढी मोठी चौकट वळत नव्हती, चेहरा ओट्याकडेच येत होता. आणि ओट्यावर आबा, त्यांच्या दोन्ही बाजूंना त्यांचे म्हातारे सोबती.

काकीचा चेहरा उतरला. बडोद्याच्या हजार माणसांचं तिला काही नव्हतं.

"राहू दे," मी म्हटलं. "वाळलं की काका आणून देतील." वाळायला आठवडा लागला असता आणि प्रदर्शन परवा होतं. हे तिला ठाऊक होतं.

ती लुगड्याची घडी घालत उभी राहिली. घडी झाली, मोडली, पुन्हा घातली. मग दाराशी गेली, तोंडावर पदर ओढला आणि माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "व बेटा, आबासले सांग, पोरनं चित्र बाहेर काढनं शे. ओलं शे, झाकता येत नही."

ओट्यावरून आबा म्हणाले, "तिले सांग, काढा मंग. माले काय विचारतस?"

"आबासले सांग," काकीचा आवाज बारीक झाला, "त्यामा मन्हं तोंड शे."

बाहेर एका म्हाताऱ्याचं सुपारी कातरणं थांबलं.

"उघडं?" आबांनी मला विचारलं.

"हो आबा."

"चांगलं काढं का तू?"

आजवर मला हे कुणीही विचारलं की मी 'बरं आहे' म्हणत असे. "हो," मी म्हणाले. "चांगलं काढलंय."

"मंग बडोदाले जावालेच पाहिजे." आबांनी काठी दोनदा आपटली. "ए रे, फिरा तिकडे. भितकडे तोंड करा. मन्ही सून येई ऱ्हायनी."

दोन्ही म्हातारे गुडघे धरत भिंतीकडे वळून बसले. आबांना वळणं जमत नसे, त्यांची कंबर धरलेली होती. त्यांनी खांद्यावरचं उपरणं घेतलं, झटकलं, डोक्यावरून पुढे ओढून हनुवटीखाली धरलं आणि नव्या नवरीसारखे मान खाली घालून बसले.

काका पुढून धरून उलटे चालत होते, मी मागून. काकांची नजर चित्रावरून हलेना. उंबऱ्याला ठेचकाळले, मग ओट्याच्या पायरीला. "देखी चाला जरा," काकी दाराआडून त्यांना म्हणाली. आम्ही भिंतीकडे तोंड केलेल्या पाठी ओलांडल्या, आबांसमोरून गेलो, आणि गाडीत गवताच्या पेंढ्यांना टेकवून चित्र उभं केलं, चेहरा ओट्याकडेच राहिला. बैलांनी तेवढं मान वळवून बघितलं.

आबा उपरण्याखालून म्हणाले, "व्हयनं का?"

मी उत्तर देणार होते. ते माझंच काम होतं. पण माझ्या आधी दाराआडून आवाज आला. भिंतीला नाही, मला नाही.

"व्हयनं आबा," काकी म्हणाली. "आते देखा."